धातुबंध आणि इतर रासायनिक बंध : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्याच्या शिकवणीत मी नववी ते बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवतो. 'रासायनिक बंध' हा धडा सुरू झाला की फोनवर तेच तेच प्रश्न येऊ लागतात. मुलं विचारतात, पालक विचारतात, ऐरोली-कोपरखैरण्याला राहायला गेलेले जुने विद्यार्थीही विचारतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत, शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत. सोपे आधी, अवघड नंतर. एका उत्तराला दुसऱ्याचा आधार लागतो तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. वाचताना एक गोष्ट सतत मनाशी धरा: इलेक्ट्रॉन कुठे आहेत आणि त्यांना कोण खेचतंय?

१. रासायनिक बंध म्हणजे नक्की काय? दोन अणूंमध्ये खरंच काही दांडी असते का?

दांडी नसते. फळ्यावर दोन अणूंमध्ये आम्ही जी रेघ ओढतो ती फक्त खूण आहे. अणूच्या केंद्रकावर धनप्रभार असतो, इलेक्ट्रॉनांवर ऋणप्रभार. दोन अणू जवळ आले की एकाचे इलेक्ट्रॉन दुसऱ्याच्या केंद्रकाकडेही ओढले जातात. त्याच वेळी केंद्रकं एकमेकांना ढकलतात, इलेक्ट्रॉनही एकमेकांना ढकलतात. या ओढाताणीत एका ठरावीक अंतरावर एकूण ऊर्जा सगळ्यात कमी होते आणि अणू तिथे स्थिरावतात. तोच बंध. धातू असो, मीठ असो की पाणी, मुळातलं बल एकच आहे: विद्युत आकर्षण. बदलतो तो इलेक्ट्रॉनांचा मुक्काम.

२. अणू अष्टक पूर्ण करण्यासाठी बंध करतात असं पुस्तकात आहे. मग तुम्ही ऊर्जा का सांगता?

अष्टक, म्हणजे बाहेरच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन, हा मोजणीचा नियम आहे, कारण नव्हे. अणूला आठ हा आकडा आवडतो असं काही नसतं. १९१६ साली अमेरिकेत लुईस यांनी इलेक्ट्रॉनांच्या सामायिक जोडीची कल्पना मांडली आणि त्याच वर्षी जर्मनीत कोसेल यांनी आयनांची, म्हणजे इलेक्ट्रॉन देऊन किंवा घेऊन प्रभारित झालेल्या अणूंची. हलक्या मूलद्रव्यांच्या बाबतीत हिशेब सुरेख जुळतो. पण बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये बोरॉनभोवती सहाच इलेक्ट्रॉन असतात आणि सल्फर हेक्झाफ्लोराइडमध्ये गंधकाभोवती बारा मोजावे लागतात. तांब्याची तार एकसंध का राहते, हे तर अष्टकातून अजिबात कळत नाही. नियम वापरा, फक्त त्याला कारण समजू नका.

३. बंध एकूण किती प्रकारचे? कोणी तीन सांगतं, कोणी पाच.

मुख्य तीन: आयनिक, सहसंयुज आणि धातुबंध (तिन्हींचा अर्थ प्रश्न ४ मध्ये). रेणू-रेणूंमधली हायड्रोजन बंध आणि व्हॅन डर वाल्स ही सौम्य आकर्षणं धरली की पाच होतात. समन्वय बंध वेगळा मोजू नका. तो सहसंयुजच आहे, फक्त जोडीतले दोन्ही इलेक्ट्रॉन एकाच अणूकडून आलेले असतात (प्रश्न १५ मध्ये उदाहरण आहे).

४. धातुबंध सोप्या शब्दांत सांगा ना सर.

गणपतीची वर्गणी आठवा. चाळीतलं प्रत्येक घर आपापले पैसे देतं. एकदा डब्यात पडल्यावर कुठली नोट कोणाची हे कोणी विचारत नाही. पैसा सगळ्या चाळीचा होतो आणि त्यावर सगळी चाळ एकत्र येते. धातूत असंच होतं. प्रत्येक अणू आपले बाहेरच्या कक्षेतले इलेक्ट्रॉन, म्हणजे संयुजा इलेक्ट्रॉन, सामायिक साठ्यात देतो. सोडिअम एक देतो, मॅग्नेशिअम दोन, अ‍ॅल्युमिनिअम तीन. मागे उरतात धन आयन, ओळीने रचलेले. त्यांच्यामधून हा इलेक्ट्रॉनांचा साठा सगळ्या तुकड्यात पसरलेला असतो. धन आयन आणि हा पसरलेला साठा यांच्यातलं आकर्षण म्हणजे धातुबंध.

बाकी दोन बंधही याच भाषेत सांगता येतात. आयनिक बंधात एकाने दिलं, दुसऱ्याने घेतलं. सहसंयुज बंधात दोन शेजाऱ्यांनी मिळून एक वस्तू घेतली आणि ती दोघांच्या मधोमध ठेवली.

साठा किती मोठा असतो याचीही कल्पना असू द्या. तांब्याच्या एका घन सेंटिमीटरमध्ये सुमारे ८५,००,००,००,००,००,००,००,००,००,००० अणू असतात, आणि प्रत्येकाचा निदान एक इलेक्ट्रॉन या साठ्यात असतो.

धातूत इलेक्ट्रॉन मोकळे हिंडतात ही कल्पना पाउल द्रूड यांनी १९०० साली मांडली. तिच्यातून वीजवहन समजलं, पण एक गोष्ट जुळेना. हे इलेक्ट्रॉन खरोखर वायूच्या कणांसारखे मोकळे असते तर धातू तापवायला बरीच जास्त उष्णता लागायला हवी होती, आणि तेवढी लागत नाही. सोमरफेल्ड यांनी १९२७-२८ च्या सुमारास पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) लावून हे कोडं सोडवलं. म्हणून 'इलेक्ट्रॉनांचा समुद्र' हे या साठ्याचं चित्र डोळ्यांपुढे ठेवा, पण त्यातले इलेक्ट्रॉन गोट्यांसारखे धावतात असं समजू नका.

५. परीक्षेत 'इलेक्ट्रॉनांचा समुद्र' एवढं लिहिलं तर चालेल का?

अर्धं उत्तर होईल. कोणाचं कोणाशी आकर्षण आहे ते लिहा: धन आयन आणि विमुक्त, म्हणजे साठ्यातले मोकळे, इलेक्ट्रॉन. मुलं नेमकं तेवढंच वाक्य गाळतात आणि गुण जातात.

६. बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते ना? गॅस जळताना तेच तर होतं.

नाही. हा गैरसमज मला बारावीतही दिसतो आणि वाईट वाटतं, कारण तो एकदा बसला की पुढची सगळी गणितं उलटी होतात. बंध तोडायला नेहमीच ऊर्जा द्यावी लागते. ऊर्जा मिळते ती नवा बंध जुळताना.

पाइपने घरात येणारा गॅस मुख्यतः मिथेन असतो. एक मोल मिथेन जाळताना मिथेन आणि ऑक्सिजनमधले जुने बंध तोडायला सुमारे २६५० किलोज्यूल खर्च होतात. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांतले नवे बंध जुळताना सुमारे ३४५० किलोज्यूल मिळतात. वर उरलेल्या ८०० किलोज्यूलवर चहा उकळतो. काडी किंवा लायटर का लागतो, त्याचंही उत्तर यातच आहे: सुरुवातीची तोडणी कोणीतरी करून द्यावी लागते.

७. धातू ठोकला की पसरतो आणि मीठ ठोकलं की फुटतं. दोन्हीत आयन आहेत, मग फरक कशाचा?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. दोन गोष्टी डोळ्यांनी बघा, मग कारण सांगावंच लागत नाही.

पहिली घरीच होते. जाड्या मिठाचा एक टपोरा खडा खलात ठेवा आणि बत्त्याने एकच नेमका टोला द्या. तुकडे भिंगाखाली धरा. पुष्कळ तुकड्यांच्या बाजू सपाट आणि कोपरे काटकोनी दिसतील. मिठात सोडिअमचा धन आयन आणि क्लोरीनचा ऋण आयन आलटून पालटून बसलेले असतात. टोल्याने एक थर एका घराने सरकला की धनासमोर धन आणि ऋणासमोर ऋण येतं. थर एकमेकांना ढकलतात आणि खडा त्या रेषेवर सरळ उकलतो.

दुसरी मी जांभळी नाक्याजवळ एका सोनाराच्या कामाच्या खोलीत पाहिली. सोन्याची जाडसर कांडी घेऊन ते तार ओढत होते. समोर पोलादी पट्टी, तिला लहान लहान होत जाणाऱ्या भोकांची रांग. तिला ते जंत्री म्हणत. कांडीचं टोक कानशीने निमुळतं करायचं, भोकातून पलीकडे काढायचं, पकडीत धरून अंग मागे टाकत ओढायचं. मग पुढचं भोक. चार-पाच भोकांनंतर त्यांनी तार वाकवून पाहिली, म्हणाले, "कडक आली." गुंडाळी करून ज्योतीखाली लालसर होईपर्यंत तापवली, निववली, आणि पुन्हा जंत्रीत घातली. आता ती मऊ होती.

सोन्यात थर सरकले तरी बिघडत नाही, कारण समोर पुन्हा धन आयनच येतो आणि मध्ये इलेक्ट्रॉनांचा साठा तसाच असतो. बंध कुठल्या एका जोडीचा नाहीच, तो सगळ्यांचा आहे. ओढून ओढून तार कडक होते, कारण रचनेतले दोष वाढून एकमेकांत अडकतात आणि थरांना सरकू देत नाहीत. तापवलं की अणू पुन्हा नीट जागा घेतात. या गुणामुळे एक ग्रॅम सोन्यातून सुमारे दोन किलोमीटर तार निघू शकते.

८. गरम झाल्यावर इलेक्ट्रॉन जास्त जोरात धावायला हवेत. मग तापलेल्या तारेचा रोध वाढतो कसा?

अडचण इलेक्ट्रॉनांची नाही, वाटेची आहे. तापमान वाढलं की धन आयन आपापल्या जागी जास्त थरथरतात आणि इलेक्ट्रॉनांची वाट जास्त मोडते. तांब्याचा रोध साध्या तापमानाला दर अंशामागे सुमारे ०.४ टक्के वाढतो. सिलिकॉनमध्ये उलट होतं: तापवलं की नवे इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि रोध कमी होतो. धातू आणि अर्धवाहक ओळखण्याची ही चांगली कसोटी आहे.

यालाच जोडून येणारा प्रश्न: तारेत इलेक्ट्रॉन किती वेगाने पुढे सरकतात? एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर प्रवाह गेला तर सेकंदाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. ठाणे स्थानकात लोकलच्या डोक्यावर जी तार दिसते तिच्यात २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह असतो, सेकंदाला ५० आवर्तनांचा. तिच्यातले इलेक्ट्रॉन तर जागच्या जागी पुढे-मागे हलतात. कल्याणच्या बाजूने निघालेला इलेक्ट्रॉन ठाण्याला पोहोचत नाही, तरी गाडी धावते.

९. मिठाचा एक रेणू दाखवा.

दाखवता येणार नाही, कारण मिठाच्या खड्यात रेणू नसतो. प्रत्येक सोडिअम आयनाभोवती सहा क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडिअम, आणि ही रचना खड्याच्या कडेपर्यंत तशीच चालू राहते. कांजूर-भांडुपच्या बाजूला जी मिठागरं दिसतात, तिथे खाडीचं पाणी आटत जातं तशी हीच रचना थरावर थर वाढत जाते. सूत्र फक्त एकास एक हे प्रमाण सांगतं. सगळी रचना जखडलेली असल्यामुळे मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात आणि कोरडा खडा वीज वाहत नाही. वितळलं किंवा पाण्यात विरघळलं की आयन हलू शकतात, तेव्हा वाहतो.

१०. डांबरगोळ्या कपाटात आपोआप उडून जातात. म्हणजे सहसंयुज बंध कमजोर असतो ना?

बंध कमजोर नाही, रेणूंमधली पकड कमजोर आहे. डांबरगोळीतल्या नॅफ्थलीनच्या रेणूत दहा कार्बन आणि आठ हायड्रोजन भक्कम सहसंयुज बंधांनी जोडलेले असतात. गोळी झिजते तेव्हा त्यातला एकही बंध तुटत नाही. अख्खे रेणू एकमेकांपासून सुटून हवेत जातात, आणि साड्यांना जो वास येतो तो त्या अख्ख्या रेणूंचाच. सहसंयुज बंध खरा किती भक्कम हे हिऱ्यात कळतं. तिथे रेणू वेगळे नाहीतच, सगळा हिरा बंधांनीच विणलेला.

पाण्याचंही तसंच. पाणी उकळलं की वाफ होते, हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होत नाहीत. तुटतात ते रेणूंमधले हायड्रोजन बंध, आणि ते रेणूच्या आतल्या बंधांच्या साधारण वीस-पंचवीस पटींनी दुबळे असतात. दुबळे म्हणून दुर्लक्ष करू नका. हायड्रोजन सल्फाइडचा रेणू पाण्यापेक्षा जड असूनही त्याचा उत्कलनांक उणे ६० अंश आहे आणि पाण्याचा १००. हा सगळा फरक या दुबळ्या बंधांनी पाडला आहे. ते नसते तर तलावपाळीला तलाव नसता.

११. सोडिअम चाकूने कापता येतो आणि टंगस्टन ३४२२ अंशांपर्यंत वितळत नाही. दोन्हीत धातुबंधच कसा?

वर्गणी सारखी नसते (प्रश्न ४). सोडिअमचा अणू एकच इलेक्ट्रॉन देतो. टंगस्टनचे आतल्या डी कक्षेतले इलेक्ट्रॉनही बंधात उतरतात. इलेक्ट्रॉन जास्त, आयन लहान, तितका बंध घट्ट.

द्रवणांकावरून बंधाचं मोजमाप करताना मात्र जपून. सोडिअम ९८, मॅग्नेशिअम ६५०, अ‍ॅल्युमिनिअम ६६०. शेवटच्या दोघांत फक्त दहा अंश, म्हणजे बंध सारखाच का? नाही. वितळल्यावर धातुबंध बराचसा शाबूत असतो, तो खरा सुटतो उकळताना. उत्कलनांक बघा: सोडिअम सुमारे ८८३, मॅग्नेशिअम सुमारे १०९०, अ‍ॅल्युमिनिअम अडीच हजारांच्या घरात. आता क्रम स्पष्ट दिसतो. गॅलिअम २९.८ अंशांना वितळतं आणि उकळायला मात्र दोन हजारांहून जास्त अंश लागतात. ठाण्याच्या मे महिन्यात ते बरणीतच पातळ झालेलं मिळेल.

१२. मग पारा धातू असून द्रव का?

पाऱ्याच्या केंद्रकात ८० प्रोटॉन आहेत. त्यांच्या ओढीमुळे सगळ्यात आतल्या इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून जास्त होतो आणि आइन्स्टाइन यांच्या सापेक्षतेचे परिणाम मोजावे लागतात. परिणामी बाहेरच्या एस कक्षेतले दोन इलेक्ट्रॉनही केंद्रकाकडे आवळले जातात. ती जोडी भरलेली, शिवाय जवळ धरलेली, त्यामुळे सामायिक साठ्यात फारच थोडं येतं आणि धातुबंध सैल पडतो. २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी संगणकावर सापेक्षता वगळून आणि धरून असा दोन्ही प्रकारे हिशेब केला. तिच्यामुळे पाऱ्याचा द्रवणांक शंभर अंशांहून अधिक खाली येतो असं दिसलं. प्रत्यक्षात तो उणे ३८.८ अंश आहे. सोन्याचा पिवळा रंगही याच परिणामातून येतो.

१३. ग्राफाइट अधातू आहे तरी वीज वाहतो. त्यात धातुबंध आहे का?

धातुबंध नाही, पण त्याच्या जवळचं काहीतरी आहे. ग्राफाइटमध्ये प्रत्येक कार्बन तीन शेजाऱ्यांशी सहसंयुज बंध करतो. चौथा इलेक्ट्रॉन सबंध थरभर पसरतो, म्हणून थराच्या दिशेने वीज छान वाहते आणि थराच्या आडवी फार कमी. थरातल्या दोन अणूंमध्ये १४२ पिकोमीटर अंतर आहे, दोन थरांमध्ये ३३५. त्या सैल पकडीमुळेच पेन्सिल कागदावर उमटते. हिऱ्यात चारही इलेक्ट्रॉन बंधात अडकलेले, म्हणून तो वीज वाहत नाही.

१४. विद्युतऋणतेतला फरक १.७ हून जास्त तर आयनिक, कमी तर सहसंयुज. हा नियम पक्का ना?

पक्का नाही. विद्युतऋणता म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे खेचण्याची अणूची ताकद. तिची मोजपट्टी पॉलिंग यांनी १९३२ साली दिली, पण निसर्गाने १.७ वर कुंपण घातलेलं नाही. हायड्रोजन फ्लोराइडमध्ये फरक १.७८ आहे, तरी तो सहसंयुज रेणू आहे आणि १९.५ अंशांना उकळतो. सोडिअम हायड्राइडमध्ये फरक फक्त १.२७, तरी ते आयनिक घनपदार्थ.

यातलं सगळ्यात फसवं उदाहरण अ‍ॅल्युमिनिअमचं. त्याचं फ्लोराइड आयनिक, क्लोराइड मात्र १८० अंशांच्या आसपास सरळ वायू होतं. धातू आणि अधातू, म्हणून आयनिक, असं लिहून मुलं इथे चुकतात. १९२३ साली फायान्स यांनी कारण सांगितलं: लहान आणि जास्त प्रभाराचा धन आयन मोठ्या ऋण आयनाचे इलेक्ट्रॉन आपल्याकडे खेचून घेतो. फ्लोराइड लहान, त्याचे इलेक्ट्रॉन घट्ट. क्लोराइड मोठा, त्याचे खेचले जातात आणि वाटून घेतल्यासारखे होतात. आयनिक आणि सहसंयुज ही एकाच रस्त्याची दोन टोकं आहेत, मधल्या थांब्यांवर पुष्कळ पदार्थ उतरतात.

१५. एकाच पदार्थात सगळे बंध असू शकतात का? नवसागरात नेमका कोणता बंध?

एकाहून जास्त नक्की असू शकतात, आणि नवसागर त्याचा उत्तम नमुना आहे. नवसागर म्हणजे अमोनिअम क्लोराइड. अमोनिअम आयन आणि क्लोराइड आयन यांच्यात आयनिक बंध. अमोनिअमच्या आत नायट्रोजन आणि हायड्रोजन यांच्यात सहसंयुज बंध. चारपैकी एक बंध समन्वयाने झालेला, कारण अमोनियातल्या नायट्रोजनने आपली मोकळी जोडी हायड्रोजन आयनाला दिली. पण एकदा झाल्यावर चारही बंध अगदी सारखे, त्यातला समन्वयाचा कोणता हे बोट ठेवून सांगता येत नाही. धातुबंध तेवढा नवसागरात नाही. पण नवसागराचं काम बघायला गेलं की तोही भेटतो.

लहानपणी खारकर आळीत कल्हईवाला यायचा. जमिनीत खळगा करून कोळसे, बाजूला भाता. पितळेचं पातेलं सांडशीत धरून फिरवत तापवायचा. त्यावर नवसागराची पूड टाकली की भसकन पांढरा धूर उठायचा, नाकाला झोंबायचा. उष्णतेने आयनिक रचना मोडून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड सुटतात आणि वर थंड हवेत पुन्हा एकत्र येऊन नवसागराचे बारीक कण होतात. तो धूर तोच. खाली हायड्रोजन क्लोराइड पातेल्यावरचा ऑक्साइडचा थर काढून टाकतो आणि उघडा धातू वर येतो. मग कथलाची कांडी टेकवायची. कथील २३२ अंशांना वितळतं, तापल्या पितळेला लागताच ओघळतं. वितळलेलं कथील नुसतं चिकटून बसत नाही. सीमेवर ते पितळेतल्या तांब्याशी मिसळून दोन्ही धातूंचा एक पातळ थर बनतो, वर्गणी दोन्हीकडची. ऑक्साइड मध्ये राहिला तर हे होत नाही, कथील थेंब थेंब होऊन घरंगळतं. म्हणून नवसागर आधी.

शेवटी कल्हईवाला कापसाचा बोळा पातेल्याच्या आतून एका दमात गोल फिरवायचा, आणि पिवळ्या पितळेवर बोळ्यामागोमाग चांदीसारखा पट्टा उमटत जायचा.